आजीचा चेहरा राखाडी का झाला? त्वचेचं शेडिंग आणि त्यामागचं संशोधन

आजीच्या वर्षश्राद्धासाठी मी तिचं डिजिटल पोर्ट्रेट करायला घेतलं. हाताशी एक बरा फोटो होता. दुपारच्या वेळी ती खिडकीशी बसलेली, उजेड एका बाजूने येतोय, दुसरा गाल सावलीत. टॅब्लेट होता, सॉफ्टवेअर येत होतं आणि संगणकावर माणसाची त्वचा खरी कशी दिसावी हाच माझ्या पीएचडीचा विषय. त्यामुळे आत्मविश्वास भरपूर होता! दोन रात्री जागून चित्र पूर्ण केलं आणि आईला दाखवलं. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "चेहरा तिचाच आहे गं, पण आजारी वाटतेय. राख फासल्यासारखी."

मावशीने लगेच उपाय सुचवला. "थोडी उजळ कर, छान दिसेल."

आता आजी चांगली सावळी होती. तिचे जेवढे म्हणून स्टुडिओतले फोटो घरात आहेत, त्या सगळ्यांत तिला कुणी न विचारता उजळ करून ठेवलंय. मला तेच पुन्हा करायचं नव्हतं. पण राखाडी आजीही नको होती. म्हणजे चूक रंगात नव्हती, रंगावर मी जो उजेड आणि जी सावली चढवली होती त्यात होती. ती शोधायला बसले तेव्हा लक्षात आलं की आपण वर्षभर ज्या पेपरांचे सारांश लिहितोय, त्यांचंच हे गणित आहे आणि आपण ते कधी स्वतःच्या घरातल्या चेहऱ्यावर करून पाहिलेलंच नाही.

तुमच्यापैकी कुणी चित्रं काढत असेल, कुणी ग्राफिक्समध्ये संशोधन करणार असेल, कुणी दोन्ही नाही. तरी वाचा. रंगांचे आकडे साधे आहेत, बेरीज-गुणाकार येत असला की पुरे.

मी नेमकं काय केलं होतं

जे सगळे करतात तेच. कलर पिकरने गालावरचा एक रंग उचलला, सगळ्या चेहऱ्यावर भरला, सावलीसाठी त्यात काळा मिसळला, उजेडासाठी पांढरा. मऊ ब्रशने कडा पुसल्या. झालं शेडिंग.

हे आकड्यांत तपासून बघू. फोटोग्राफीत रंग जुळवण्यासाठी २४ चौकोनांचं एक कार्ड वापरतात, कलरचेकर नावाचं. १९७६ मध्ये ते आलं आणि आजही जवळपास प्रत्येक प्रयोगशाळेत सापडतं. त्यातल्या पहिल्या दोन चौकोनांची नावंच 'गडद त्वचा' आणि 'फिकट त्वचा' अशी आहेत. स्क्रीनवर गडद चौकोनाचे लाल, हिरवा, निळा असे आकडे साधारण ११५, ८२, ६८ येतात. फिकटचे १९४, १५०, १३०. हे छापील रंग आहेत, खरी त्वचा नाही, पण हिशेबाला सोयीचे आहेत. पुढे सगळीकडे मी हेच दोन वापरणार आहे.

गडद चौकोनात ४० टक्के पांढरा मिसळा. आकडे होतात १७१, १५१, १४३. आता संपृक्तता काढा, म्हणजे रंग किती 'रंगीत' आहे ते. सगळ्यात मोठ्या आकड्यातून सगळ्यात लहान वजा करायचा आणि मोठ्याने भागायचं. आधी ती ४१ टक्के होती, पांढरा मिसळल्यावर १६ टक्के राहिली. फिकट चौकोनावर हाच प्रयोग केला तर ३३ वरून १७. म्हणजे एकच चूक, पण गोऱ्या चेहऱ्यावर ती निम्मा रंग खाते आणि सावळ्या चेहऱ्यावर जवळपास तीन पंचमांश. यूट्यूबवरचे धडे बघून शिकताना मला ही चूक कधी दिसली नाही, कारण त्यातले चेहरे बहुतेक वेळा फिकट असायचे. तिथे ती खपून जाते.

मग खरा उजेड काय करतो? खडबडीत, चकाकी नसलेल्या पृष्ठभागावर जास्त प्रकाश पडला तर तिन्ही रंग एकाच पटीत वाढतात. बेरीज नाही, गुणाकार. ११५ चे १७१ करायचे असतील तर उरलेलेही त्याच पटीत वाढवा: १७१, १२२, १०१. संपृक्तता ४१ टक्केच राहते. दोन्ही रंग शेजारी शेजारी भरून बघा. एक उन्हातला सावळा गाल आहे, दुसरी चुलीतली राख.

इथे एक गोष्ट मध्येच सांगते, कारण नवीन मुलं इथे हमखास अडखळतात. स्क्रीनवरचा आकडा म्हणजे प्रकाश नव्हे. आकडा आणि प्रकाश यांच्यात साधारण २.२ चा घात असतो. त्यामुळे आकडा दीडपट झाला की प्रत्यक्ष प्रकाश जवळपास २.४ पट झालेला असतो. गुणाकाराचं गुणोत्तर घातानंतरही टिकतं, म्हणून वरचा हिशेब चालून गेला. बेरीज मात्र टिकत नाही. प्रकाशाची बेरीज करायची असेल तर आधी घात काढून खऱ्या प्रकाशात या, बेरीज करा, मग परत जा. माझ्या पहिल्या वर्षातल्या एका प्रयोगाचे सगळे आलेख या एका कारणाने चुकले होते आणि ते पकडायला मला दीड महिना लागला. असो.

काळ्याचं काय? मी इतकी वर्षं म्हणत आले की सावलीत काळा घातला की चित्र मरतं. आकडे मांडल्यावर कळलं की काळा मिसळणं हासुद्धा गुणाकारच आहे, एकापेक्षा लहान संख्येने केलेला. संपृक्तता जशीच्या तशी राहते. चूक काळ्याची नाही, सावली म्हणजे फक्त 'कमी उजेड' असं मानण्याची आहे. सावलीतही प्रकाश येतोच, फक्त दुसरीकडून येतो: भिंतीवरून, साडीवरून, आकाशातून. आणि चेहऱ्याच्या घड्यांमध्ये तर तो त्वचेवरूनच त्वचेवर येतो. नाकाशेजारची घडी, डोळ्याची खोबण, ओठांमधली रेघ. तिथे प्रकाश दोनदा त्वचेला लागून बाहेर पडतो, म्हणजे त्वचेचा रंग स्वतःशीच गुणला जातो.

गडद चौकोन खऱ्या प्रकाशात लाल १७ टक्के, हिरवा ८ टक्के आणि निळा साडेपाच टक्के परत पाठवतो. लाल निळ्याच्या तिप्पट. दोनदा लागला की तिनाचा वर्ग, म्हणजे लाल निळ्याच्या जवळजवळ दसपट. म्हणून खऱ्या चेहऱ्यातली घडी काळी नसते, गडद तांबूस असते. मी तिथे राखाडी सावली फासली होती.

त्वचा हा रंग नाही, थर आहेत

भिंतीला रंग असतो. त्वचेला तसा रंग नसतो. वर बाह्यत्वचेचा पातळ पडदा, त्यात मेलॅनिन. त्याखाली जाड अंतस्त्वचा, तिच्यात रक्तवाहिन्या, म्हणजे हिमोग्लोबिन. सगळ्यात वर तेलकट, जरा ओबडधोबड पृष्ठभाग. प्रकाश पडला की थोडा वरूनच परततो. उरलेला आत शिरतो, मेलॅनिनमधून जातो, आत इकडेतिकडे आपटत फिरतो, काही भाग रक्त शोषून घेतं, आणि जे वाचतं ते पुन्हा मेलॅनिनमधूनच बाहेर येतं. मेलॅनिनची जकात दोनदा द्यावी लागते, जाताना आणि येताना.

मेलॅनिन निळा प्रकाश सगळ्यात जास्त शोषतं आणि लालाकडे जाताना त्याची भूक हळूहळू कमी होते. हिमोग्लोबिनचं तसं नाही. निळ्या-जांभळ्यात ते भरपूर शोषतं, हिरव्या-पिवळ्यात ५४० ते ५८० नॅनोमीटरच्या आसपास त्याचे दोन उंचवटे आहेत, आणि ६०० च्या पुढे ते जवळपास हात वर करतं. जगातल्या सगळ्या माणसांचे रंग मुख्यतः या दोन पदार्थांच्या प्रमाणातून तयार होतात. गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा, काळासावळा असे आपले शब्द ही प्रामुख्याने मेलॅनिनची पट्टी आहे. लाजणं, ताप, राग, थंडी ही हिमोग्लोबिनची.

शोषणाचा नियम गुणाकाराचा असतो. एका थरातून निम्मा प्रकाश उरला तर तशाच दुसऱ्या थरानंतर पाव उरतो. ड्रॉइंग सॉफ्टवेअरमध्ये लेयरला 'मल्टिप्लाय' नावाचा पर्याय असतो ना, तो अगदी हेच करतो. लॉगॅरिदम घेतला की गुणाकाराची बेरीज होते आणि मग दोन पदार्थ वेगवेगळे काढता येतात. जपानमधल्या चिबा विद्यापीठातले नोरिमिची त्सुमुरा आणि त्यांचे सहकारी यांनी २००३ च्या सिग्राफ परिषदेत हेच मांडलं. साध्या फोटोतून मेलॅनिनचा एक नकाशा आणि हिमोग्लोबिनचा एक नकाशा वेगळा काढायचा, मग एकाला धक्का न लावता दुसरा बदलायचा. ते वाचल्यावर मी पोर्ट्रेटची फाइल पुन्हा उघडली आणि लेयरची नावं बदलली. 'गाल', 'सावली', 'टच-अप' काढून टाकलं. 'मेलॅनिन', 'रक्त', 'चकाकी' असे तीन लेयर केले. पहिले दोन मल्टिप्लायवर.

यातून एक गोष्ट आपोआप सुटली. गालावरची लाली सावळ्या चेहऱ्यावर मी गुलाबी रंगाने काढत होते आणि ती मेकअपसारखी दिसत होती. रक्त वाढलं की हिरवा प्रकाश समजा एक चतुर्थांशाने कमी होतो. फिकट त्वचेत ३१ टक्क्यांचे २३ होतात, फरक डोळ्यात भरतो. गडद त्वचेत ८ चे ६. गुणोत्तर तेच, फरक अगदी बारीक. म्हणून सावळ्या गालावरची लाली गुलाबी दिसत नाही, तो भाग जरासा दाट आणि उबदार वाटतो, बस्स. मल्टिप्लाय लेयरवर हे न सांगता होतं, कारण गणित तेच आहे.

तक्त्यातली दोन माणसं

आता ज्या पेपरशिवाय या विषयात पान हलत नाही त्याकडे येते. २००१, सिग्राफ. लेखक हेन्रिक वॉन येन्सन, स्टीव्ह मार्शनर, मार्क लेव्हॉय आणि पॅट हॅनरहन. त्याआधी संगणकावरचे चेहरे प्लास्टिकच्या बाहुलीसारखे दिसायचे, कारण बहुतेक वेळा असं धरलेलं असायचं की प्रकाश जिथे पडतो तिथूनच परततो. या चौघांनी प्रकाश आत शिरून थोडा बाजूला बाहेर पडतो हे झटपट मोजण्याची रीत दिली.

पेपरात एक तक्ता आहे. सफरचंद, कोंबडीचं मांस, साय, केचप, संगमरवर, बटाटा, दूध आणि याच रांगेत त्वचेचे दोन नमुने. पहिल्या नमुन्याचे आकडे घेऊन पेपरातलंच सूत्र लावलं तर लाल प्रकाश साधारण ३.७ मिलिमीटरपर्यंत पसरतो, हिरवा १.४ आणि निळा ०.७. हे आकडे कागदावर स्वतः काढून बघा, पाच मिनिटांचं काम आहे, आणि मग आरशासमोर उभे राहा.

उजेड संपून सावली सुरू होते ती कड पाहा. उजेडाच्या बाजूने आत शिरलेला लाल प्रकाश तीन-साडेतीन मिलिमीटर पुढे, सावलीच्या हद्दीत जाऊन बाहेर पडतो. निळा तिथवर पोचतच नाही. म्हणून त्या कडेला एक तांबूस पट्टा येतो. चित्रकार तो डोळ्यांनी ओळखून शतकानुशतकं काढत आले आहेत. पण पट्टा किती रुंद? कपाळावर साडेतीन मिलिमीटर म्हणजे काहीच नाही, तिथे उजेडाचा उतारच काही सेंटिमीटर लांब आहे. नाकपुडीवर किंवा कानाच्या पाळीवर साडेतीन मिलिमीटर म्हणजे जवळजवळ सगळंच. एरिक पेनर यांनी २०११ मध्ये गेमसाठी एक युक्ती मांडली, ती याच निरीक्षणावर उभी आहे: पृष्ठभाग किती वळलेला आहे आणि उजेड किती तिरका आहे, या दोन गोष्टी पाहून आधीच तयार ठेवलेल्या तक्त्यातून रंग उचलायचा. हाताने रंगवणाऱ्यासाठी याचा अर्थ एवढाच की तांबूस कड सगळीकडे सारखी काढू नका. नाक, कान, बोटं इथे जास्त. कपाळावर जवळपास नाही.

मीही हे सगळं केलं. आजीच्या सावलीच्या कडेला छान तांबूस पट्टा दिला, कानाची पाळी चमकवली. ती आता राखाडी दिसत नव्हती. पण मेणाची दिसायला लागली.

इथे मी पुन्हा त्या तक्त्याकडे गेले आणि जे आधी दहा वेळा वाचूनही दिसलं नव्हतं ते दिसलं. त्वचेच्या दोन नमुन्यांसमोर त्यांनी एकूण किती प्रकाश परत येतो तेही दिलंय. लाल: ४४ टक्के आणि ६३ टक्के. हिरवा: २२ आणि ४४. आता आपल्या कार्डाशी ताडून पाहा. फिकट चौकोन लाल ५५ टक्के आणि हिरवा ३१ टक्के परत पाठवतो. गडद चौकोन १७ आणि ८. म्हणजे तक्त्यातले दोन्ही नमुने फिकट चौकोनाच्या अलीकडे-पलीकडे आहेत. गडदच्या जवळपास एकही नाही. माझी आजी त्या तक्त्यात नव्हती आणि मी तिला त्या तक्त्याने रंगवत होते.

त्या चौघांना दोष द्यायचा नाहीये. त्यांचा पेपर रीतीबद्दल होता. दूध आणि संगमरवर हे त्यातले तितकेच मोठे नायक आहेत. त्वचेचं सर्वेक्षण केल्याचा दावा त्यांनी केलेला नाही. गंमत पुढे झाली. तक्त्यातले आकडे वेगवेगळ्या रेंडरिंग सॉफ्टवेअरमध्ये तयार मटेरियल म्हणून गेले, नाव 'त्वचा १', आणि वापरणाऱ्याला तीच त्वचा वाटू लागली. शिवाय पुढच्या पेपरांमध्ये त्वचा खरी दिसते याचा पुरावा म्हणजे तिची आतून येणारी झळाळी असं जणू ठरूनच गेलं. पिक्सारमध्ये काम केलेले आणि नंतर येल विद्यापीठात शिकवणारे थिओडोर किम यांनी २०२० मध्ये सायंटिफिक अमेरिकनमध्ये हाच मुद्दा थेट लिहिला. ही झळाळी फिकट त्वचेत उठून दिसणारी गोष्ट आहे आणि ग्राफिक्सच्या संशोधनाने तिलाच 'मानवी त्वचा' म्हटलं. त्या लेखावर बरीच चर्चा झाली, काहींना तो टोकाचा वाटला. मी आजीच्या कानाची चमकणारी पाळी बघत बसले होते, मला तो टोकाचा वाटला नाही.

आणि साधन नव्हतं असंही नाही. क्रेग डोनर आणि येन्सन यांनी २००६ मध्येच दोन थरांचं प्रारूप दिलं होतं. त्यात वापरणाऱ्याच्या हातात चार खुंट्या: मेलॅनिन किती, कोणत्या प्रकारचं, हिमोग्लोबिन किती, आणि त्वचा तेलकट किती. शेवटची खुंटी वाचून मला हसू आलं. खोबरेल तेलाशिवाय आजी घराबाहेर पडत नसे.

तेलाची खुंटी

आणि खरं उत्तर तिथेच होतं. पृष्ठभागावरून थेट परतणारा प्रकाश मेलॅनिनपर्यंत पोचतच नाही, त्यामुळे तो सगळ्यांचा साधारण सारखा असतो. त्वचेचा अपवर्तनांक सुमारे १.४ धरला तर समोरून पडणाऱ्या प्रकाशातला २.८ टक्के लगेच परततो. तिरका पडला तर आणखी जास्त. आता हा २.८ टक्के कशाच्या तुलनेत दिसतो ते पाहा. हिरव्या प्रकाशात फिकट चौकोन ३१ टक्के परत पाठवतो, त्याच्यापुढे २.८ म्हणजे ९ टक्क्यांची भर. गडद चौकोनाच्या ८ टक्क्यांपुढे ती ३४ टक्क्यांची भर आहे. ढोबळ हिशेब आहे, कारण चकाकी एकाच दिशेला एकवटते आणि त्या जागी ती याहून कितीतरी तीव्र असते. पण दिशा स्पष्ट आहे. फिकट चेहऱ्याचा आकार आपल्याला मुख्यतः आतून येणाऱ्या मऊ प्रकाशातून कळतो. सावळ्या चेहऱ्याचा आकार बराचसा चकाकीतून कळतो.

चकाकीचा रंग त्वचेचा नसतो, दिव्याचा असतो. खिडकीतून आकाशाचा प्रकाश येत असेल तर सावळ्या गालाच्या हाडावर निळसर छटा येते. पिवळ्या बल्बखाली सोनेरी. आणि ती बेरीज असते, गुणाकार नव्हे, कारण तो प्रकाश त्वचेच्या आत न जाता वरून मिसळतो. म्हणजे मी सुरुवातीला जो पांढरा मिसळत होते त्याचं भौतिकशास्त्र तसं बरोबर होतं, जागा चुकली होती. सगळ्या उजळ गालावर पसरवण्याऐवजी तो फक्त चकाकीच्या जागी, कडा टिकवून, आणि खिडकीच्या रंगात हवा होता. सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी 'ॲड' किंवा 'स्क्रीन' हा पर्याय आहे. मऊ ब्रश मात्र तिथे घातक. तेल लावलेल्या कपाळावर चकाकीची कड तीक्ष्ण असते, गालावर रंध्रांमुळे ती तुटक तुटक होते. ती सगळीकडे सारखी पुसली की चेहऱ्याला पुन्हा राख लागते.

हे माझ्या शब्दावर मानू नका, घरी बघता येतं. पोलरायझिंग फिल्मचे दोन तुकडे घ्या, फार महाग मिळत नाहीत. एक टेबललॅम्पसमोर चिकटवा. फिल्म उष्णतेने वाकते, म्हणून एलईडी दिवा घ्या. दुसरा मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरा आणि फिरवा. पृष्ठभागावरून परतलेला प्रकाश आपलं ध्रुवीकरण टिकवतो. आत आपटून आलेला ते हरवून बसतो. त्यामुळे एका कोनात चकाकी गायब होते आणि उरतो तो फक्त आतून आलेला प्रकाश. पॉल डेबेव्हेक आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये चेहऱ्याचं परावर्तन मोजलं तेव्हा हीच युक्ती वापरली होती. फोनचं एक्स्पोजर आधी कुलूपबंद करा आणि चेहरा 'सुंदर' करणारा फिल्टर बंद करा, नाहीतर फोन स्वतःच्या मताने त्वचा उजळ करेल आणि तुमचं मोजमाप तिथेच संपेल.

मी माझ्या हातावर आणि माझ्या एका गोऱ्यापान मैत्रिणीच्या हातावर करून पाहिलं. चकाकी गेल्यावर तिचा हात थोडा मॅट झाला, पण गोलाई टिकली. माझी मूठ मात्र सपाट कागदाच्या आकृतीसारखी दिसायला लागली. हाडांचे उंचवटे गेलेच.

तुम्ही हा प्रयोग पुढे नेऊन प्रबंधात वापरणार असाल तर माणसं कशी निवडणार हा प्रश्न लगेच येईल, आणि कुणीतरी सुचवेल की फिट्झपॅट्रिक पट्टी वापरा, सहा प्रकार आहेत. ती पट्टी कुठून आली ते आधी वाचा. थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये ती सोरायसिसच्या प्रकाशोपचारात अतिनील किरणांचा पहिला डोस ठरवण्यासाठी केली. ऊन लागलं की भाजतं की रापतं, हा तिचा प्रश्न. सुरुवातीला प्रकार चारच होते आणि तेही गोऱ्या लोकांसाठी. सावळे आणि काळे हे पाचवे-सहावे प्रकार म्हणून नंतर जोडले गेले. म्हणजे रंग मोजण्यासाठी ती पट्टी कधी नव्हतीच, आणि आपल्याकडच्या माणसांची विविधता तिच्या शेवटच्या दोन-तीन खणांत कोंबली जाते. समाजशास्त्रज्ञ एलिस मंक यांची १० छटांची पट्टी २०२२ मध्ये गूगलने खुली केली, ती निदान रंगासाठी केलेली आहे. शक्य असेल तर रंगमापक यंत्राने मोजा आणि आकडाच द्या. कुणाचाही चेहरा टिपायचा असेल तर आधी संस्थेच्या नीतिशास्त्र समितीची परवानगी आणि त्या माणसाची लेखी संमती घ्या. मैत्रिणीच्या हाताचा फोटो मी इथे टाकलेला नाही, तोही याच कारणाने.

पोर्ट्रेटची तिसरी आवृत्ती दहा दिवसांनी झाली. मूळ रंग मी पहिल्याइतकाच गडद ठेवला, एका आकड्यानेही उजळ केला नाही. कानाची झळाळी जवळजवळ काढून टाकली. घड्यांमध्ये तांबूस, कपाळावर आणि गालाच्या हाडावर खिडकीच्या आकाशाचा निळसर तुकडा, नाकाच्या शेंड्यावर एक टोकदार ठिपका. आईने पाहिलं आणि विचारलं, "तेल लावलंयस का गं तिला?" मावशी अजूनही म्हणते की जरा उजळ चाललं असतं. फ्रेम हॉलमध्ये लागली आहे. संध्याकाळी ट्यूबलाइट लागली की तिच्या काचेवरच चकाकी येते आणि चेहरा नीट दिसत नाही, तर आता मॅट काच कुठे मिळते ते शोधतेय.